मावशीची भिजलेली वही: ठिपक्यांच्या रांगोळीतलं गणित आणि तुमचा फोन

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की मानखुर्द, चेंबूर, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनाबाहेर बघा. पणत्या आणि रंगांच्या पुड्यांशेजारी एक पातळसं पुस्तक विकायला ठेवलेलं असतं. कव्हरवर भडक रंगातलं कमळ, आत पानोपानी ठिपके जोडून काढलेल्या रांगोळ्या आणि प्रत्येकीखाली ‘११ ते ६’, ‘१५ ते ८’ असं काहीतरी लिहिलेलं. मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानात याच प्रकारची महागडी इंग्रजी भावंडं मिळतात. जाड कागद, आत बारीक नक्षी, आणि वर आश्वासन, की ही नक्षी रंगवा, तुमची क्रिएटिव्हिटी वाढेल. जोहाना बॅसफोर्ड या स्कॉटिश चित्रकर्तीचं ‘सीक्रेट गार्डन’ २०१३ साली आलं, आणि मोठी माणसंही रंगपेन्सिली घेऊन बसायला लागली. आता तर प्ले स्टोअरवर नंबर बघून रंग भरायची ॲप्स ढिगाने पडली आहेत.

माझं मत सरळ सांगतो. दुसऱ्याने काढलेल्या चौकटीत रंग भरून डोकं शांत होतं, वेळ छान जातो, त्यात वाईट काही नाही. पण त्यातून कल्पकता वाढते यावर माझा फारसा विश्वास नव्हता. ‘नक्षीचं पुस्तक’ खरंच काही शिकवू शकतं हे मला पटलं ते एका भिजलेल्या वहीमुळे. ती वही आणि तिच्यामागचं तंत्र, दोन्ही इथे सांगतो.

वहीचं काय झालं

आमची मावशी ट्रॉम्बेला राहते. तिच्याकडे चौकटीच्या कागदाची एक वही आहे, लग्नाआधीपासूनची. बाजारातल्या पुस्तकातून घेतलेल्या, शेजारणीकडून उतरवलेल्या आणि स्वतःच्या डोक्यातून काढलेल्या अशा ऐंशी-नव्वद रांगोळ्या तिच्यात आहेत. गेल्या पावसाळ्यात पत्रा गळला, माळ्यावरच्या पेटीत पाणी गेलं आणि वही भिजली. मावशीने ती पंख्याखाली वाळवली, पण निम्म्याहून जास्त पानांवरच्या रेषांचं निळं-गुलाबी पाणी झालं होतं.

एक गोष्ट मात्र नशिबाने वाचली. मावशी ठिपके बॉलपेनने द्यायची आणि रेषा स्केचपेनने ओढायची. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याला दाद देत नाही. स्केचपेनची शाई पाण्यातच कालवलेली, त्यामुळे ती पाण्याबरोबर गेली. म्हणजे बहुतेक पानांवर ठिपके जसेच्या तसे, रेषा मात्र कोपऱ्या-कोपऱ्यात उरलेल्या.

मावशीचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. तिने मला विचारलं, “ह्या दिवाळीला ती एकोणीस ते दहाची काढशील का दारात? तुझ्या आजीला ती आवडायची.” पान उघडलं तर फक्त वरचा उजवा कोपरा शिल्लक. पाव रांगोळी. मी म्हटलं, बघतो.

‘१९ ते १०’ ही भाषा आधी समजून घ्या

ठिपक्यांच्या रांगोळीत ‘१९ ते १०’ म्हणजे मधल्या ओळीत १९ ठिपके. तिच्या वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत जायचं, १८, १७, १६, असं १० पर्यंत. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये सरकवून मांडायची. वरून खाली मोजलं तर १९ ओळी होतात आणि एकूण ठिपके २७१. आकार होतो षटकोनाचा, मधमाशांच्या पोळ्यातल्या घरासारखा.

लहान उदाहरणावर ताडून बघा. ‘७ ते ४’ मध्ये ओळी ४, ५, ६, ७, ६, ५, ४. बेरीज ३७. हे वहीत खरंच काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

दुसरा प्रकार म्हणजे ठिपके एकाखाली एक, सरळ चौकटीत: ५ ठिपके ५ ओळी, ९ ठिपके ९ ओळी. पहिल्या प्रकारात सहा पाकळ्यांची फुलं आपोआप बसतात, दुसऱ्यात चार पाकळ्यांची. म्हणजे रांगोळीखाली लिहिलेले ते दोन आकडे नुसतं माप नव्हे. कुठल्या प्रकारची नक्षी शक्य आहे, हे त्या आकड्यांमधूनच ठरतं. चार अक्षरांत पूर्ण जाळी सांगून मोकळं होणारी ही पद्धत कुणी बसवली कोण जाणे, पण एखाद्या प्रोग्रामरला हेवा वाटावा इतकी नेमकी आहे.

पाव पानातून पूर्ण रांगोळी

आता गंमत बघा. ‘१९ ते १०’ ची रांगोळी मध्यबिंदूभोवती ६० अंश फिरवली तर ती पुन्हा स्वतःवरच बसते. एका पूर्ण फेरीत असं सहा वेळा होतं. शिवाय प्रत्येक पाकळीची डावी बाजू उजवीचं आरशातलं प्रतिबिंब असते. सहा गुणिले दोन, बारा. म्हणजे पूर्ण रांगोळीत एकच तुकडा बारा वेळा येतो. पिझ्झाचा बारावा तुकडा, ३० अंशांचा, एवढा हातात असेल तर बाकीचे अकरा तयार करता येतात.

माझ्याकडे पाव पान होतं, म्हणजे ९० अंश. हव्या होत्या त्याच्या तिप्पट! एका तुकड्यातली रेष पुसट असेल तर दुसऱ्या तुकड्यात बघून खात्री करता येत होती.

तुमच्या फोनमध्ये फोटो लहान जागेत मावतात त्यामागेही हीच कल्पना आहे. जे पुन्हा पुन्हा येतं ते पुन्हा पुन्हा साठवायचं नाही, एकदा साठवायचं आणि ‘हेच इथे, इथे आणि इथे’ एवढं लिहून ठेवायचं. प्रयोग करून बघा. फोनवर एक साधी रांगोळी काढून पीएनजी म्हणून सेव्ह करा आणि त्याच मापाचा गर्दीचा फोटो पीएनजी करा. रांगोळीची फाइल कितीतरी हलकी निघेल. पीएनजी काही रांगोळीची सममिती ओळखत नाही, पण एकसारख्या रंगाचे लांबलचक पट्टे आणि पुन्हा येणारे तुकडे मात्र बरोबर पकडते.

फोनवर हे कसं केलं (आणि आधी कसं फसलं)

मी आयबिस पेंट वापरलं. स्केचबुक ॲपमध्येही हे जमतं. दोन्हीत ‘सिमेट्री’ नावाची सोय आहे. ती चालू केली, भाग ६ ठेवले आणि आरसा चालू ठेवला, की तुम्ही एका तुकड्यात बोट फिरवता आणि तीच रेष बाकीच्या अकरा तुकड्यांत उमटते. पहिल्यांदा करताना माणूस पाच-दहा मिनिटं नुसता खेळतच बसतो.

पानाचा फोटो काढला, ॲपमध्ये घेतला, तो थर फिका केला, वर नवीन कोरा थर घेतला. ‘थर’ म्हणजे लेयर, एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. वरच्या कागदावर गिरवायचं, खालचा फोटो तसाच राहतो. सिमेट्रीचा मध्यबिंदू बरोबर मधल्या ठिपक्यावर नेला आणि गिरवायला सुरुवात केली.

जमलंच नाही. माझी पाकळी ठिपक्यांवर बरोबर बसत होती, पण ॲपने काढलेल्या तिच्या बहिणी शेजारच्या ठिपक्यांवरून घसरत होत्या. मध्याजवळ थोडं, कडेला बोटभर. आधी वाटलं फोटो तिरका आलाय. फोन पानाला समांतर धरून, कॅमेऱ्यातल्या ग्रिडच्या रेषा चालू करून पुन्हा काढला. तरीही तेच.

चूक वहीत होती. चूक म्हणणंही बरोबर नाही, सवय होती. चौकटीच्या कागदावर मावशी दोन चौकोन सोडून ठिपका द्यायची आणि दोन चौकोन सोडूनच पुढची ओळ धरायची. आडवं अंतर २, उभं अंतर २. पण खऱ्या षटकोनी जाळीत शेजारचे तीन ठिपके मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा, आणि समभुज त्रिकोणाची उंची बाजूच्या ०.८६६ पट असते. दहावीच्या त्रिकोणमितीतला साइन ६० तो हाच. म्हणजे वहीतली प्रत्येक षटकोनी रांगोळी उभी ताणलेली होती. डोळ्याला ते खटकत नाही, ॲपला लगेच खटकतं.

उपाय अगदी सोपा. फोटो एडिट करून उंची ८६.६ टक्के केली, रुंदी तशीच ठेवली. १००० पिक्सेल उंच असेल तर ८६६. त्यानंतर सगळ्या बहिणी आपापल्या ठिपक्यांवर चपखल बसल्या. तुम्ही चौकटीच्या वहीतून काही उचलणार असाल तर हे आधीच करा, माझ्यासारखी संध्याकाळ घालवू नका.

पाच पाकळ्या का बसत नाहीत

सिमेट्रीचा आकडा ६ वरून ५ केला तर ॲप निमूटपणे पाच पाकळ्यांचं फूल देतं. ७ म्हणालात तर ७. ठिपक्यांचं तसं नाही. जास्वंदीला पाच पाकळ्या असतात, पण ठिपक्यांच्या रांगोळीत तंतोतंत पाच समान पाकळ्यांचं फूल कधीच बसत नाही. ज्यांना काढायचं असतं त्या ठिपक्यांशिवाय, मुक्तहस्त काढतात.

कारण असं. जाळीचा नियम म्हणजे एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायला जी उडी लागते, तीच उडी कुठल्याही ठिपक्यावरून मारली तरी तुम्ही ठिपक्यावरच पडता. आता समजा एका ठिपक्याभोवती सर्वांत जवळचे पाच ठिपके समान अंतरावर, पाच दिशांना आहेत. एक उडी पहिल्या दिशेने मारा आणि लगेच दुसरी तिसऱ्या दिशेने. या दोन उड्यांनी तुम्ही सुरुवातीपासून जिथे पोचता ते अंतर एका उडीच्या ०.६१८ पट भरतं. म्हणजे ‘सर्वांत जवळच्या’ ठिपक्यापेक्षाही जवळ एक ठिपका असायला हवा! विसंगती. म्हणून एकसारख्या जाळीवर पूर्ण नक्षी २, ३, ४ किंवा ६ वेळाच फिरवता येते. पुस्तकातली आठ पाकळ्यांची कमळंही नीट मोजा. चार पाकळ्या एका लांबीच्या, मधल्या चार किंचित वेगळ्या निघतील.

हा नियम रांगोळीपुरता नाही. मिठाच्या कणात, साखरेत, लोखंडात अणू असेच जाळीत बसलेले असतात आणि त्यांनाही हाच नियम लागू. आणि इथे ट्रॉम्बेचा थेट संबंध येतो. मावशीच्या घरापासून टेकडीच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, पुढे सायरस आणि १९८५ मध्ये ध्रुव. अणुभट्टी म्हटलं की आपल्याला वीज आणि बॉम्ब एवढंच आठवतं, पण या भट्ट्यांमधून निघणाऱ्या न्यूट्रॉनच्या झोतांचा एक शांत उपयोग म्हणजे अणूंचे ठिपके शोधणं. न्यूट्रॉन स्फटिकावर सोडायचे, ते कुठल्या कोनात विखुरतात ते मोजायचं आणि त्यावरून आतली जाळी मांडायची. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवरून विखुरतात. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे तो क्ष-किरणांना जेमतेम दिसतो. न्यूट्रॉन थेट अणुकेंद्रावरून विखुरतो, त्याला हायड्रोजन चांगला सापडतो. पी. के. अय्यंगार यांनी ट्रॉम्बेत न्यूट्रॉन विखुरण्याच्या प्रयोगांचा पाया घातला, आर. चिदंबरम यांनी याच पद्धतीने स्फटिकांतले हायड्रोजनचे बंध अभ्यासले. दोघंही पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. टेकडीच्या एका बाजूला लोक दारात ठिपके देत होते आणि दुसऱ्या बाजूला काही लोक आधीच दिलेले ठिपके हुडकत होते. (हे मी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, “त्यांना बघून काढायची सोय नव्हती म्हणून.” बरोबरच आहे.)

पाचचा नियम मोडणारं काही नाहीच का? आहे. १९८२ साली डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम आणि मँगनीजच्या मिश्रधातूत दहा घडींची सममिती दिसली. बरीच वर्षं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. २०११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या धातूतले अणू शिस्तीत होते, पण एकच उडी पुन्हा पुन्हा मारण्याची शिस्त नव्हती. आणि अलीकडचं उदाहरण तर तुम्हाला आवडेलच. इंग्लंडमधले डेव्हिड स्मिथ, छपाईच्या कामातून निवृत्त झालेले, आकारांशी खेळण्याचा छंद असलेले गृहस्थ. कागदाचे तुकडे कापत आणि कॉम्प्युटरवर जुळवत त्यांना टोपीसारखी दिसणारी एक फरशी सापडली. त्या एकाच आकाराच्या फरश्यांनी सगळी जमीन भरता येते, पण नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा कधीच येत नाही. गणितज्ञांच्या मदतीने २०२३ मध्ये त्याची सिद्धता मांडली गेली. नक्षीशी खेळणाऱ्या हौशी माणसाने गणितातला अनेक वर्षांचा प्रश्न सोडवला, तोही निवृत्तीनंतर.

एका रेषेची रांगोळी आणि मसावि

मावशीच्या वहीत शेवटची काही पानं वेगळी होती. तिच्या शेजारी पूर्वी एक तमिळ कुटुंब राहायचं, त्या बाईंकडून शिकलेले कोलम. यात रेष ठिपक्यांवरून जात नाही, ठिपक्यांच्या मधून वळसे घेत जाते आणि शेवटी सुरुवातीच्या जागी येऊन मिळते. या पानांच्या कोपऱ्यात मावशीने लिहिलं होतं: ‘३–४ एक’, ‘४–४ चार’, ‘४–६ दोन’. तिला विचारलं तर म्हणाली, “किती वेळा हात उचलावा लागतो ते.”

सरळ चौकटीत ठिपके मांडा. रेष ठिपक्यांच्या मधून ४५ अंशांत तिरकी न्या, कडेला पोचली की कॅरमच्या सोंगटीसारखी आतल्या बाजूला वळवा, असं करत सगळे ठिपके वेढा. एकूण किती वेगळ्या बंद रेषा लागतील? उत्तर म्हणजे ओळी आणि स्तंभांच्या संख्यांचा मसावि! ३ आणि ४ चा मसावि १, म्हणून एका रेषेत पूर्ण. ४ आणि ४ चा ४, म्हणून चार रेषा. ४ आणि ६ चा २. शाळेत मसावि काढताना ‘हे कुठे उपयोगी पडणार’ असं म्हणणाऱ्यांत मी होतो. ५ आणि ७ ची काढून बघा, हात न उचलता पूर्ण होते.

या कोलमांकडे कॉम्प्युटरवाल्यांचं लक्ष फार आधी गेलं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली कोलम आणि ‘ॲरे ग्रामर’ यावर संशोधन प्रसिद्ध केलं. व्याकरणाच्या थोड्या नियमांतून जशी अगणित वाक्यं तयार होतात, तशी थोड्या नियमांतून अगणित चित्रं कशी तयार करायची, हा त्याचा विषय. आज गेममधली डोंगर-झाडं कॉम्प्युटर स्वतः ‘उगवतो’, त्यामागचा विचार याच जातीचा आहे.

रंग: कमी घेतले तर जास्त होतं

फोनचा स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या वापरतो. गुणाकार केला तर १,६७,७७,२१६ रंग. मावशीच्या डब्यात सात पुड्या आहेत. तरी मी फोनवर रंगवलेली पहिली रांगोळी कुठल्या तरी चिप्सच्या पाकिटासारखी दिसत होती. कारण? प्रत्येक पाकळीला नवा रंग. हाताशी कोटभर रंग असले की प्रत्येक जागी निवड करावी लागते आणि हात वाहवत जातो. ॲपमध्ये आधीच पाच-सहा रंगांची स्वतःची पट्टी बनवून ठेवा, बाकीचे विसरा.

इथे एक भन्नाट गोष्ट आहे. वळशांच्या, बंद रेषांच्या कोलमात फक्त दोन रंग पुरतात. रेष कितीही वेळा स्वतःला छेदू दे, शेजारच्या दोन घरांना एकच रंग येणार नाही अशा तऱ्हेने दोन रंगांत ती भरता येतेच. कुठलीही रेष ओलांडली की रंग बदलायचा, बास. इतर नकाशांना जास्तीत जास्त चार रंग लागतात, आणि हे १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी कॉम्प्युटरची मदत घेऊन सिद्ध केलं. त्या पानांवर मावशीने लाल आणि ‘रि’ एवढंच लिहिलं होतं. रि म्हणजे रिकामं.

आणखी दोन अडचणी येतील. ‘बादली’ने रंग ओतला आणि अख्खा कॅनव्हास पिवळा झाला, तर रेषेला कुठेतरी बारीक फट आहे, झूम करून बुजवा. रंगाच्या कडेला पांढरी खरूज दिसत असेल तर तुम्ही जेपीजी वापरताय. जेपीजी रेषेच्या कडेला धुरकट करते, म्हणून रेखाटन पीएनजीतच ठेवा. आणि स्क्रीनवर पाहून पुड्या मिसळायला जाऊ नका. लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र आला की पिवळा दिसतो, लाल आणि हिरवी रांगोळी एकत्र केली की चिखल होतो.

मासा

दोन रात्रींत ‘१९ ते १०’ पूर्ण झाली. सहा पाकळ्या, त्यांच्या मधल्या सहा जागांत पानांच्या जोड्या, सगळं अगदी नेमकं. मावशीला फोन दाखवला. तिने चष्मा लावला, बोटांनी मोठं करून बघितलं आणि म्हणाली, “खालचा मासा कुठाय?”

सर्वांत खालच्या दोन पाकळ्यांच्या मधल्या जागेत पानं नव्हतीच. तिथे एक मासा होता, तोंड उंबऱ्याकडे. बाकी पाच ठिकाणी पानं, एका ठिकाणी मासा. तो तिचा स्वतःचा होता, पुस्तकातला नव्हता. आजीने दारात पहिल्यांदा बघितला तेव्हा हसली होती म्हणे. माझ्या पाव पानात त्याची काहीही खूण नव्हती, असणारच नव्हती. जे पुन्हा पुन्हा येतं तेच उरलेल्या तुकड्यातून परत मिळतं. जे एकदाच आलं, ते ज्या जागी होतं तिथून पुसलं की गेलं. ॲपने मला दिलेली रांगोळी बिनचूक होती आणि ती मावशीची नव्हती.

बाजारच्या पुस्तकाकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. तुम्हीही एक घ्या, पन्नास पानांचं साधं चालेल. एखादं पान निवडा, फक्त ठिपके फोनवर उतरवा, पुस्तक बंद करा आणि सिमेट्री लावून तुमच्या रेषा काढा. नक्षी जमली की सिमेट्री बंद करा, नवीन थर घ्या आणि एकाच ठिकाणी काहीतरी बदला. तो बदल कुठे करायचा हे ठरवायला माझ्या भाचीला रंग भरण्यापेक्षा तिप्पट वेळ लागला, आणि त्या वेळात ती एकदाही रील्सकडे वळली नाही.

मासा मावशीने स्वतः काढला. फोनवर बोट नीट चालेना, म्हणून वहीच्या कोऱ्या पानावर, या वेळी बॉलपेनने. मी त्याचा फोटो घेऊन वेगळ्या थरावर बसवला. वहीतली बाकीची पानंही हळूहळू करतोय. षटकोनी आणि चौकोनी बहुतेक सगळी निघतील. मोर, समई आणि एका पानावरची शिडाची होडी मात्र निघणार नाहीत, त्यांच्यात पुन्हा येणारं काहीच नव्हतं. होडीबद्दल मावशीला विचारलं तर तिला शिडाचे पट्टे किती होते ते आठवत नाही.

दारात काढताना मापाचा हिशेब असा केला. चाळीच्या पॅसेजमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट सोडून जेमतेम ३० इंच मिळत होते. १९ ठिपक्यांमध्ये १८ फटी. दीड इंचाची फट धरली की रुंदी २७ इंच. दोन ओळींमधलं अंतर दीडच्या ०.८६६ पट, म्हणजे १.३ इंच, त्यामुळे उंची साडेतेवीसच्या आत. पेपरवर या मापाने खुणा करून उदबत्तीने भोकं पाडली, कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली आणि २७१ ठिपके एका झटक्यात उमटले. रेषांना मला दोन तास लागले. मावशी दारात स्टूल टाकून बसली होती. माशाचं शेपूट दोनदा पुसायला लावलं तिने.